नुसतं ‘ओके’

गोव्यातल्या बेतीच्या फेरीबोटीत शेजारचे काका मुलाला फोनवर चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, सगळा बेत सांगत होते. गणपतीच्या वर फळं बांधायच्या माटोळीला आंबाडे मिळालेत, नेवऱ्यांसाठी (करंज्यांसाठी) नारळ सोलून ठेवलेत, तू फक्त आदल्या दिवशी पोच.

स्पीकरवरून उत्तर आलं, “ओके.” फोन बंद.

काका माझ्याकडे वळले. “हे ‘येतो’ धरायचं की ‘बघतो’?”

काय सांगणार! मुळात हा शब्दच थट्टेतला. १८३९ मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकवलेलं स्पेलिंग धरून ‘ओ’ आणि ‘के’ ही आद्याक्षरं छापली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांच्या प्रचारात ती गाजली, कारण त्यांचं टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’. ते पडले, ओके राहिलं.

तुमच्या घरच्या ग्रुपवर नुसतं ओके आलं की पान वाढता का?