आमच्याकडचे खोके

"ओ काका, खोकं आलंय तुमचं!"

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या बोळात येणाऱ्या कुरिअरच्या पोराला बेल वाजवायची सवय नाही. तो गाडीवरूनच हाळी देतो. पूर्वी याचं काही वाटायचं नाही, पण २०२२ सालापासून महाराष्ट्रात खोका हा शब्द चारचौघांत मोठ्यानं उच्चारायची सोय राहिलेली नाही. समोरच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले शेजारी चष्म्यावरून बघत म्हणाले, "किती आले?" म्हटलं, "एकच." "अरेरे," म्हणून ते पुन्हा पेपरात शिरले.

खोकं पाठीमागे धरून मी जिना चढलो. त्यात काय होतं ते सांगतो, पण आधी रोगाचं मूळ सांगायला हवं.

मूळ म्हणजे मामांचा रेडिओ. मामा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. संध्याकाळी अंगाला हळदीचा वास घेऊन यायचे, जेवायचे आणि रात्री उशिरा शॉर्टवेव्हवर काहीबाही शोधत बसायचे. एका रात्री काटा 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर अडकला. विलिस कोनोव्हर नावाचा गृहस्थ तिथून १९५५ पासून रोज जॅझ लावत होता. इंग्रजी येत नसलेल्यांनाही कळावं म्हणून तो एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलायचा. मामांचं इंग्रजी बिलटीपुरतं, माझं आठवीचं. पण त्याचं बोलणं आम्हा दोघांनाही कळायचं, आणि आपल्याला इंग्रजी येतं असा एक खोटा आनंद व्हायचा. आवाज मधेच बुडायचा, मधेच एखादं चिनी स्टेशन आत घुसायचं, मग खरखरीतून पुन्हा ट्रम्पेट वर यायचं. कार्यक्रमाची सुरुवात ड्यूक एलिंग्टनच्या बँडच्या 'टेक द ए ट्रेन'नं व्हायची. ही ए ट्रेन न्यूयॉर्कची भुयारी गाडी आहे हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी ती आमच्या मिरज-सांगली गाडीसारखीच काहीतरी असेल असं धरून चाललो होतो. आजही ती चाल लागली की मला विश्रामबागचं रेल्वे फाटक दिसतं. त्याला इलाज नाही.

पुढे बँकेत लागलो, हातात पैसे आले, पुण्या-मुंबईहून कॅसेटी आणायला लागलो. कॅसेटींच्या जागी सीड्या आल्या. इथवर सगळं माणसात होतं. मग मला बॉक्स सेट ही वस्तू भेटली.

ज्यांना हे व्यसन नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉक्स सेट म्हणजे एखाद्या कलावंतानं एखाद्या काळात, एखाद्या कंपनीसाठी जे जे वाजवलं ते सगळं एका खोक्यात. सगळं म्हणजे सगळं. त्या वेळी रेकॉर्डवर आलं ते, कंपनीनं बाद केलं ते, अर्ध्यावर मोडलं तेही. सोबत जाड पुस्तिका: कोणत्या तारखेला कोण बासवर (खर्जातलं तंतुवाद्य) होता, कोणत्या टेकला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या कितव्या प्रयत्नाला, कोण चुकला. पत्रिकेपासून तेराव्यापर्यंतची नोंद. मायकेल कस्कुना आणि चार्ली लुरी या दोघांनी त्यासाठी 'मोझेइक' नावाची कंपनीच काढली. त्यांचा पहिला संच १९८३ चा, थेलोनियस मंक या पियानोवाल्यानं ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवलेलं सगळं. दुकानात मिळत नाही, टपालानं मागवायचा. मोजक्या प्रती, त्यावर नंबर घातलेला, आणि त्या संपल्या की संपल्या. आता ज्या माणसाला लहानपणी दिवाळी अंकाची प्रत हुकली तरी हुरहुर लागायची, त्याला 'संपल्या की संपल्या' असं सांगितल्यावर त्याचं काय होणार? परदेशातून पार्सल, वर कस्टमची ड्यूटी. एकेका खोक्यापायी घराचं रंगकाम एकेक दिवाळी पुढे गेलं आहे. हे मी लपवत नाही, भिंती बोलतातच.

बायकोचा प्रश्न मात्र रास्त होता, आणि तो तिनं गेली पंचवीस वर्षं एकाच पट्टीत विचारला आहे: "अहो, हे आपल्याकडे नव्हतं?"

होतं. नेहमी असतंच. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची १९५९ सालची 'काइंड ऑफ ब्लू' ही रेकॉर्ड माझ्याकडे चार वेळा आहे. पण त्यालाही कारण आहे. ती दोन दिवसांत रेकॉर्ड झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल. त्यातल्या पहिल्या दिवशी मुख्य टेपयंत्र जरा हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर भरलेलं नीट चालणाऱ्या यंत्रावर लावलं की ते जलद वाजतं आणि सूर चढतो. म्हणजे पहिल्या बाजूच्या तिन्ही चिजा जगानं तीस वर्षांहून अधिक काळ किंचित चढ्या ऐकल्या. पोरांनी त्यावर साथ करून रियाज केला असेल, आणि आपलंच वाद्य बिघडलंय म्हणून त्याचे कान पिळले असतील. जोडीला दुसरं एक यंत्र चालू होतं, ते बरोबर होतं. त्याच्या टेपवरून १९९२ साली ही चूक सुधारली. मग सांगा, सुधारलेली प्रत घ्यायला नको? आणि चुकलेली तरी टाकवते का? आपण तीच ऐकत मोठे झालो.

हा फरक कुणाच्या तरी कानांनी तपासून घ्यावा म्हणून एकदा दोन्ही प्रती घेऊन मिरजेला नानांकडे गेलो. नाना माझे चुलत चुलते. पन्नास वर्षं दर्ग्याच्या उरुसातल्या गाण्याला रात्रभर बसलेले. तंबोऱ्याची जवारी उतरली तर त्यांना अन्न गोड लागत नाही. मी पहिली प्रत लावली, मग दुसरी. नाना डोळे मिटून होते. शेवटी म्हणाले, "दोन्ही सारखंच की रे." मी हिरमुसलो. म्हटलं, "पहिलं जरा चढं आहे नाना." "असेल," ते म्हणाले, "पण मला सांग, मधेच सगळेजण मिळून अर्धा सूर वर सरकले आणि थोड्या वेळानं काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत आले. त्यांना कुणी टोकलं नाही?"

ती त्या चिजेची रचनाच आहे. त्या रेकॉर्डवरच्या पहिल्याच चिजेत, 'सो व्हॉट'मध्ये, आठ मात्रांचे नव्हे, आठ-आठ आवर्तनांचे चार भाग. तिसऱ्या भागात सगळे अर्धा सूर वर जातात. त्या एका सरकण्यावर जाडजूड लेख लिहिले गेलेत. नानांनी ते चहा गार होईपर्यंत पकडलं आणि वर त्याची तक्रारही केली. तीस वर्षांची चूक त्यांना दिसली नाही, आणि जी चूक नव्हतीच ती दिसली. मी प्रती पिशवीत घातल्या.

मिरजेहून येताना मनात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच असतात. ते १९३७ साली गेले, मिरजेतच त्यांना दफन केलं. त्यांच्या भैरवीतल्या 'जमुना के तीर'ची तबकडी म्हणजे जेमतेम तीन मिनिटं, कारण एका बाजूवर तेवढंच मावायचं. तिकडे अमेरिकेत ट्रम्पेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगनं १९२८ साली 'वेस्ट एंड ब्लूज' वाजवलं तेही साडेतीन मिनिटांच्या आतच बसवून. दोघांनाही त्याच काळ्या तबकडीनं चेपलं. पण खाँसाहेबांनी त्या दिवशी भैरवी एकदाच गायली असेल का? गळा साफ नाही म्हणून, नाहीतर कुणी मधेच खोकला म्हणून, आधीची एखादी नको म्हणून टाकली गेली असेल का? असेल तर ती मला हवी आहे. माझ्या सगळ्या खोक्यांच्या बुडाशी ही एकच हाव आहे. पसंत पडलेलं सगळ्यांनीच ऐकलंय. मला नापसंत झालेलं ऐकायचंय.

तिकडे ते कुणी ना कुणी जपून ठेवलं. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करनं १९४६ च्या मार्चमध्ये 'अ नाइट इन ट्युनिशिया'च्या पहिल्याच टेकला असा एक तुकडा घेतला की पुढे तसा जमणं कठीण. तो टेक बाकी बाद झाला. कंपनीनं पुढे तेवढा तुकडाच स्वतंत्र रेकॉर्डवर आणला. आख्खं जेवण फेकून फोडणीचा तडतडाट तेवढा ठेवला म्हणा ना! डीन बेनेडेट्टीची तऱ्हा त्याहून पुढची. हा स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा, पार्करच्या नादानं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन क्लबांतून फिरायचा आणि पार्कर वाजवू लागला की यंत्र सुरू, थांबला की बंद. बाकीचे कलाकार गेले खड्ड्यात. शिऱ्यातले बेदाणे वेचून खाणारी मुलं आमच्याकडे आहेत, तासगाव जवळच आहे; पण हा तर बेदाण्यांचंच ताट वाढून बसला. ते सगळं १९९० साली मोझेइकनं सात सीड्यांत काढलं. मी ऐकलं आहे. सलग ऐकवत नाही. पण कपाटात आहे.

२०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रानं बातमी फोडली की २००८ साली हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत मूळ मास्टर टेपांचं कोठार जळलं होतं. कोणाचं किती गेलं यावर नंतर बराच वाद झाला, कंपनीनं आकडे खाली आणले. मी ते वाचून फार चिडलो होतो. जेवताना बायकोला म्हटलं, "इतक्या मोलाच्या वस्तू अशा एका जागी कोंबून ठेवतात? अक्कल नको?" ती काही बोलली नाही. तिनं फक्त तळमजल्यावरच्या माझ्या कपाटाकडे पाहिलं.

दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातली माणसं आकडा ऐकून पाणी कोणत्या पायरीला येणार ते सांगतात. २००५ च्या पुराचा हिशेब मनात धरून आम्ही निवांत होतो. या वेळी आकडा ५७ च्या वर गेला.

सामान माडीवर न्यायला हाताशी अर्धी रात्र होती. आधी धान्य, मग गॅस सिलिंडर, कागदपत्रं, देव. मग लाईट गेली. मेणबत्तीच्या उजेडात बायको खाली आणि मी जिन्यावर, अशी साखळी धरून तिनं एकेक खोका वर दिला. मंक, पार्कर, एलिंग्टन. तिला नावं वाचता येत होती, कोणता किती वर्षांचा भांडणाचा विषय आहे तेही पाठ होतं, पण त्या रात्री तिनं एका शब्दानं काही काढलं नाही. फक्त मोझेइकचा मोठा काळा खोका देताना म्हणाली, "हा त्या मुक्या माणसाचा ना?" मंक कुणाशी फारसं बोलत नसे, हे मीच कधीतरी सांगितलं होतं.

खालचा एक खण राहिला. पाणी उतरल्यावर गेलो तर कपाटात वीतभर गाळ. एलपींची कव्हरं लगदा झाली होती, आतल्या तबकड्या मात्र शाबूत. अंगणात टबात पाणी घेऊन त्या धुतल्या आणि पापडांसारख्या सावलीत जुन्या धोतरावर वाळत घातल्या. येणारा-जाणारा आधी स्वतःच्या घरातलं नुकसान सांगे, मग तबकड्यांकडे बघून विचारे, "ह्या वाजतील?" वाजल्या. काही आजही वाजतात, मधेमधे कृष्णेचा गाळ कटकट करतो.

त्याच खणात बिल एव्हान्स या पियानोवाल्याचा तीन सीड्यांचा संच होता. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब. दुपारपासून रात्रीपर्यंत पाच बैठका. मागे ग्लास किणकिणतात, कुणीतरी खुशाल गप्पा मारतंय. बासवर स्कॉट लाफारो, पंचविशीतला पोरगा. त्यानंतर अकराव्या दिवशी तो मोटार अपघातात गेला. त्या दिवसाचं सगळं क्रमवार लावलेला हा संच २००५ मध्ये निघाला. पहिलीच चीज लाफारोनं रचलेली, 'ग्लोरियाज स्टेप'. ती रंगात येते आणि मधेच टेप गचकते. वीज गेली होती. न्यूयॉर्कमध्ये, भर बैठकीत! पहिल्यांदा घरी लावली तेव्हा नेमक्या त्या जागी स्वयंपाकघरातून आवाज आला, "लाईट गेली का हो?" माझ्याकडच्या सगळ्या संगीतात तिला लगेच कळलेली ती एवढीच जागा.

पुरातून त्या तिन्ही सीड्या वाचल्या. साबणानं धुतल्या, पुसल्या, स्वच्छ वाजतात. पुस्तिका मात्र गेली. पानं एकमेकांना अशी चिकटली की तिची वीट झाली. तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरली, उन्हात ठेवली, बायकोनं भाजी चिरायच्या सुरीनं दोन पानं सोडवूनही पाहिली. त्यावर एव्हान्सचा अर्धा चष्मा उरला होता.

तर परवा आलेल्या खोक्यात तोच संच होता. तोच, तसाच, दुसऱ्यांदा. मी तो माडीवर गादीखाली सारणार एवढ्यात ही कपडे घेऊन वर आली.

"हे आपल्याकडे होतं ना?"

"होतं."

"आणि वाजतंय अजून."

"वाजतंय. पुस्तक भिजलं होतं."

तिनं पुस्तिका उचलली, चार पानं उलटली, एव्हान्सचा पूर्ण चष्मा दिसला तिथे थांबली. मग पुस्तिका नाकाशी नेऊन वास घेतला. कोऱ्या कागदाचा वास, गाळाचा नाही. परत खोक्यात ठेवत म्हणाली, "खाली नेऊ नका मग. इथंच असू दे. पावसाळा तोंडावर आलाय."