दाराचं पॅड आणि माझा रविवार
गाडीच्या दाराचं आतलं रेक्झिन वरच्या कडेला सुटून लोंबायला लागलं होतं, म्हटलं आपणच करू. हँडलमागचा आणि आर्मरेस्टखालचा स्क्रू काढला तरी पॅड (रेक्झिन लावलेला दाराचा आतला भाग) हलेना, मग प्लास्टिकची पट्टी घालून खालून एकेक क्लिप सोडवली, 2 तुटल्याच (स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, पत्र्याचा रंग जातो). पॅड वर उचलून काढायचं, पण खिडकीच्या स्विचची वायर आधी सोडवा, मी विसरलोच होतो!

खरा वैताग म्हणजे रेक्झिनखालचा जुना फोम, त्याचा नुसता भुगा होतो, तो सगळा खरवडल्याशिवाय काहीच चिकटत नाही. मग काँटॅक्ट ॲडहेसिव्ह (चिकटवायचा गोंद) रेक्झिनच्या मागे आणि पॅडवर, दोन्हीकडे पातळ लावायचं आणि थांबायचं, बोटाला चिकट लागलं पण बोटावर आलं नाही की मधून कडेकडे दाबत जायचं. मी घाई केली, एका कोपऱ्यात फुगा राहिलाय. बायकोला अजून दिसला नाहीये.