संत्र्याच्या बगीच्याचं पान: वर्डप्रेस थीमची एकच फाइल बदला

वरूड-मोर्शी भागात संत्र्याचा बगीचा बरेचदा झाडावरच विकला जातो. व्यापारी मोबाइलवर पान उघडतो तेव्हा त्याला चार गोष्टी लगेच दिसायला हव्यात: गाव कोणतं, बहर आंबिया की मृग, फळावरची झाडं किती आणि शेतकऱ्याचा नंबर. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरची तयार थीम, म्हणजे पानांच्या मांडणीचा संच, आधी भलामोठा फोटो दाखवते, मग लेखकाचं नाव, तारीख, वर्गवारी. नंबर पार खाली जातो. एवढ्यासाठी शेतकरी गटानं महागडी थीम विकत घेणं मला पटत नाही. काम एका टेम्पलेट फाइलचं, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलचं आहे.

(खाली फाइलींची आणि फंक्शनची नावं देवनागरीत दिली आहेत, प्रत्यक्षात ती रोमन लिपीतच लिहायची.)

मूळ थीमच्या फाइलला हात लावू नका. थीम अपडेट झाली की तुमचा बदल पुसला जातो. चाइल्ड थीम (मूळ थीमवर आधारलेली आपली छोटी थीम) करा: एक फोल्डर, त्यात स्टाइल.सीएसएस, आणि तिच्या वरच्या कॉमेंटमध्ये 'थीम नेम' व 'टेम्पलेट' या दोन ओळी. 'टेम्पलेट'पुढे मूळ थीमच्या फोल्डरचं नाव जसंच्या तसं हवं. तिथं थीमचं शोभेचं नाव टाकलं तर वर्डप्रेस 'पेरेंट थीम सापडत नाही' म्हणतं.

बगीच्यासाठी वेगळा पोस्ट टाइप, म्हणजे नोंदींचा वेगळा प्रकार नोंदवा. त्याचं ओळखनाव (की, इथे 'बगीचा') रोमन छोट्या अक्षरांत आणि २० अक्षरांच्या आत ठेवा. नोंदणीनंतर पान ४०४ (पान सापडत नाही) दाखवत असेल तर सेटिंग्जमधल्या पर्मालिंक्सवर जाऊन नुसतं 'सेव्ह' दाबा. लिंकांचे नवे नियम तेव्हाच लिहिले जातात. आता वर्डप्रेस आधी सिंगल-बगीचा.पीएचपी शोधतं, ती नसेल तर सिंगल.पीएचपी, मग सिंग्युलर.पीएचपी, शेवटी इंडेक्स.पीएचपी. मूळ थीमची सिंगल.पीएचपी चाइल्ड थीममध्ये कॉपी करून तिला पहिलं नाव द्या आणि मगच आतला मजकूर बदला. कोऱ्या फाइलपासून सुरुवात केली की गेट_हेडर आणि गेट_फूटर (पानाचा वरचा आणि खालचा भाग आणणारी फंक्शन) हमखास राहून जातात. मग डब्ल्यूपी_हेड व डब्ल्यूपी_फूटर चालत नाहीत, आणि स्टाइल, स्क्रिप्ट, वरची अॅडमिन पट्टी सगळं गायब होतं.

झाडांची संख्या, गाव, बहर हे गेट_पोस्ट_मेटानं (नोंदीसोबत साठवलेली माहिती देणाऱ्या फंक्शननं) काढा आणि तिसरा पॅरामीटर 'ट्रू' द्या. तो विसरला की पानावर 'अॅरे' असा शब्द छापून येतो. छापताना ईएससी_एचटीएमएल लावा, म्हणजे माहितीत कोणी कोड टाकला तरी तो चालत नाही. एखादी माहिती रिकामी असेल तर तिचं लेबलही छापू नका. 'झाडं:' लिहून पुढे काहीच नसेल तर व्यापाऱ्याचा विश्वास उडतो.

नंबरची भानगड आपल्याकडची खास आहे. माहिती भरणारा मराठी कीबोर्डवर देवनागरी आकडे टाकतो. ते वाचायला उत्तम, पण 'टेल:' लिंकमध्ये (बोट लावताच फोन लावणाऱ्या लिंकमध्ये) गेले की डायलरचा भरवसा नाही. म्हणून दाखवायला मूळ नंबर ठेवा आणि लिंकसाठी एसटीआरटीआर या पीएचपी फंक्शननं आकडे रोमन करून घ्या. त्यात दहा जोड्यांचा अॅरेच (यादीच) द्या. दोन स्ट्रिंग दिल्या तर ते बाइटनुसार बदलतं आणि देवनागरी आकडा तीन बाइटचा असल्यानं नंबरचा चुराडा होतो.

याच कारणानं वर्णन छोटं करायला सबस्ट्र (मजकूर कापणारं फंक्शन) वापरू नका. ते अक्षराच्या मधोमध कापतं आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उरतो. एमबी_सबस्ट्रनं अक्षर वाचतं, पण मात्रा तुटू शकते. डब्ल्यूपी_ट्रिम_वर्ड्स शब्दावर तोडतं, तेच घ्या.

स्लगचंही, म्हणजे लिंकमधल्या पानाच्या नावाचंही तसंच. तो २०० अक्षरांपर्यंतच साठतो आणि एन्कोड केल्यावर प्रत्येक देवनागरी चिन्ह ९ जागा खातं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं, आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. 'मृग बहराचा संत्रा बगीचा' एवढ्यातच जागा संपते. गाव आणि झाडांची संख्या शीर्षकात त्यानंतर असेल तर ती लिंकमध्ये येतच नाही. स्लग हातानं रोमनमध्ये द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायलाही लिंक आटोपशीर राहते.

फोटोसाठी इमेज टॅग हातानं लिहू नका. द_पोस्ट_थंबनेल वापरा आणि 'मीडियम_लार्ज' हा आकार सांगा. वर्डप्रेस ४.४ पासून त्यासोबत वेगवेगळ्या मापांची यादी आपोआप येते आणि मोबाइल लहान फोटो उतरवतो. पूर्ण मापाचा पत्ता थेट टाकला तर शेतात, रेंजची एक काडी असताना, चार-पाच एमबीचा फोटो कोण उघडणार? टेम्पलेटमध्ये फोटो त्या चार ओळींच्या खाली ठेवा.

सीएसएसमध्ये लाइन-हाइट (ओळीची उंची) १.५ च्या खाली नेऊ नका, नाहीतर शीर्षकातले रफार आणि वेलांट्या कापल्या जाऊ शकतात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते.

ब्लॉक थीम (साइट एडिटरमध्ये ब्लॉक मांडून बनणारी थीम) असेल तर फाइल टेम्पलेट्स फोल्डरमध्ये .एचटीएमएल म्हणून जाते आणि तिच्यात पीएचपी चालत नाही. तिथे आणखी एक गोची आहे. साइट एडिटरमधून कोणी ते टेम्पलेट एकदा सेव्ह केलं की त्याची प्रत डेटाबेसमध्ये जाते आणि तीच दिसत राहते. मग फाइल कितीही बदला, पान हलत नाही. एडिटरमध्ये त्या टेम्पलेटचे बदल रीसेट करा, कॅशे प्लगइन (पानाची जुनी प्रत साठवणारं) रिकामं करा आणि लॉगिन नसलेल्या मोबाइलवर पान उघडून नंबरला बोट लावून बघा.