अकरा दिवसांच्या बाळाच्या कानातल्या अळ्या

श्रावणातली झडीची दुपार. केसपेपरवर लिहिलं होतं: वय 11 दिवस, उजव्या कानातून लालसर पाणी, कालपासून अंगावर पीत नाही. बाळ किरकिरत होतं आणि मान उजवीकडे वळवू देत नव्हतं.

पाळीमागच्या घडीत पिवळट, चिकट खपली होती, तिला आंबट वास. एवढ्या लहान बाळाचा कान बघताना पाळी खाली आणि मागे ओढायची; मोठ्या माणसासारखी वर ओढली तर मऊ नळी मिटून जाते. बॅटरीचा उजेड पडताच तळाशी काहीतरी आत सरकलं. पू असा सरकत नाही. पुन्हा पाहिलं तर दोन तपकिरी ठिपके दिसले. अळी डोकं खुपसून बसते आणि शेपटाकडच्या या छिद्रांनी श्वास घेते. उजेडाला ती आणखी आत पळते, म्हणून तपासणी लांबवायची नाही.

इथे टर्पेंटाईन नको. अळ्या बाहेर याव्यात म्हणून मोठ्यांच्या कानात-नाकात हे उग्र तेल वापरलं जातं, पण नवजात बाळाची कातडी पातळ, त्यात ती भाजते, आणि पडदा फाटलेला असेल तर ते थेट मधल्या कानात उतरतं. आम्हाला पडदा दिसतच नव्हता, त्यामुळे पिचकारीने कान धुण्याचाही प्रश्न नव्हता. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, डोकं परिचारिकेने दोन्ही हातांनी धरलं. निर्जंतुक लिक्विड पॅराफिनचे, म्हणजे एका सौम्य खनिज तेलाचे, चार थेंब कोमट करून सोडले आणि दहा मिनिटं थांबलो. श्वास कोंडला की अळ्या शेपूट वर काढतात. तेव्हाच, दुर्बिणीखाली, बारीक चिमट्याने एकेक धरायची. हिसका मारायचा नाही: तोंडाचे आकडे कातडीत रुतलेले असतात, अळी तुटते आणि उरलेला तुकडा आत सडतो. हलका ताण देऊन थांबलं की पकड आपोआप सुटते.

चौदा निघाल्या. लांबी साधारण 5 मिलिमीटर, म्हणजे माशीने अंडी घालून दोनेक दिवस झाले असावेत. दुसरा कान, नाक आणि नाळेचा देठ तपासला. नाळ ओली असेल तर माशीला तीही चालते. सुदैवाने तिथे काही नव्हतं. दोन अळ्या कडक गरम पाण्यात बुडवून मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवल्या. जिवंत अळी तशीच अल्कोहोलमध्ये टाकली तर आकसून काळी पडते आणि माशीची जात ओळखता येत नाही.

आयव्हरमेक्टिन या परजीवी मारणाऱ्या गोळीचं नाव एकाने काढलं. 15 किलोखालच्या मुलांना ती देत नाहीत. हे बाळ पावणेतीन किलोचं. पिणं थांबलं होतं म्हणून बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासायला घेतलं, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं आणि आईने गरोदरपणात धनुर्वाताची इंजेक्शनं घेतली होती का, ते कार्डावर पाहिलं.

आजी कोपऱ्यात रडत होत्या. आठवडाभर त्या लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडत होत्या, मायेनेच. त्या तेलाने कातडी हुळहुळी झाली. आडवं पाजताना दूध गालावरून ओघळून कानामागे साचलं, आंबलं. खाट गोठ्याच्या भिंतीला लागून. मच्छरदाणी रात्री लावत, पण माशी दिवसा येते, आणि बाळाला हात हलवून ती हाकलता येत नाही. माशीने निवडलेली जागा अशी एकेका गोष्टीने तयार झाली होती. घर लख्ख होतं, आई नीटनेटकी होती. हे मुद्दाम सांगतो, कारण वॉर्डात कुजबुज सुरू झाली होती आणि ती फार अन्यायाची होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बघणं सोडायचं नाही. घडीत दडलेल्या आणखी तीन निघाल्या, तिसऱ्या दिवशी एकही नाही. नळी सुकल्यावर पडदा दिसला, अखंड. बाळ त्याच संध्याकाळी ओढून प्यायलं.

घरी जाताना आजींनी विचारलं, “मग कानात काहीच घालायचं नाही?”

“काही नाही, आजी. पाजून झालं की कानामागची घडी मऊ फडक्याने कोरडी करा. आणि मच्छरदाणी दिवसासुद्धा.”