वटवाघळांचा वाडा

सगळा दोष सासूबाईंचा. गेल्या पावसाळ्यात पाय मोडून त्या दोन महिने पलंगाला खिळल्या होत्या आणि वेळ जावा म्हणून मी त्यांना फोनवर चिनी राजघराण्यातल्या मालिका लावून द्यायचे. खालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत वाचायचे. मोठी राणी, धाकटी राणी, कान भरणाऱ्या दासी, विषाचा चहा. नोव्हेंबरात नवऱ्याच्या कामानिमित्त बेजिंगला जायचं ठरलं तेव्हा त्यांची एकच फर्माईश होती. "रेशीम नको नि चहा तर अजिबात नको. असा एखादा खरा वाडा बघून ये, आणि कुणी कुणाचा काटा काढला ते नीट विचारून ये."

सम्राटाचा राजवाडा आदल्या दिवशी पाहून झाला होता. तो इतका अफाट आहे की तिथे माणसं राहत होती हे पटतच नाही. मला हवं होतं घर. म्हणून गोंगवांगफू, म्हणजे गोंग या राजपुत्राचा वाडा. मेट्रोच्या सहा नंबर लाइनवर बेहाय नॉर्थला उतरायचं आणि शिचाहाय तलावाच्या बाजूने गल्ल्यांमधून चालत जायचं. थंडी बोचरी होती. कोपऱ्यावर भाजलेली रताळी मिळाली, ती कोटाच्या खिशात टाकून हात शेकत निघालो. पासपोर्ट दाखवून आत शिरलो आणि पहिल्याच चौकात नवरा म्हणाला, "अगं, हा तर आपला वाडाच की!" म्हटलं तर खरं होतं. चौकामागे चौक, जितकं आत जाल तितकं खासगी. फक्त आकार वेगळा. बागेसकट सुमारे साठ हजार चौरस मीटर.

हा वाडा 1776 च्या सुमारास हशनने बांधायला घेतला. नारायणराव पेशव्यांचा खून होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. हशन हा म्हाताऱ्या चियानलोंग सम्राटाचा लाडका. साध्या पहारेकऱ्यापासून वर चढला आणि इतका चढला की सम्राटाने आपली सगळ्यात धाकटी, सगळ्यात लाडकी मुलगी त्याच्या मुलाला दिली. व्याही झाला! त्याच्या खजिन्याच्या दंतकथा आजही बेजिंगमध्ये चवीने सांगतात. वाड्याच्या मागच्या अंगाला दीडशे मीटरहून लांब दुमजली इमारत आहे. तिच्या मागच्या भिंतीतल्या वरच्या खिडक्या एकीसारखी दुसरी नाही अशा. कोणत्या खोलीत कोणता ऐवज ठेवलाय हे हशनला बाहेरून कळावं म्हणून त्या तशा केल्या, असं म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. चोरांना कोण असा नकाशा काढून देईल?

1795 मध्ये चियानलोंगने वारस ठरवला. जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी हशन त्या राजपुत्राकडे गेला आणि त्याच्या हातात एक रूयी ठेवली. रूयी म्हणजे शुभकामनेचा नक्षीदार दंड. अर्थ उघड होता: बातमी मला आधी कळते, आणि तुमचं भलं माझ्यामुळे झालं आहे. राजपुत्राने ती मुकाट्याने घेतली. तोच जियाचिंग सम्राट. पण गादीवर बसूनही सत्ता म्हाताऱ्या बापाच्या, म्हणजे पर्यायाने हशनच्या हातात. जियाचिंग तीन वर्षं गप्प राहिला.

फेब्रुवारी 1799 मध्ये म्हातारा गेला. जियाचिंगने हशनला मानाचं काम दिलं: राजवाड्यात राहून पार्थिवाची सेवा करायची. म्हणजे घरी जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. पाचव्या दिवशी अटक झाली. वीस गुन्ह्यांची यादी निघाली आणि त्यातला पहिला गुन्हा होता ती रूयी! वारसाचं नाव आधी फोडलं म्हणून. अटकेनंतर दहा दिवसांनी पांढऱ्या रेशमाचा पट्टा पाठवला गेला. गळफास स्वतःच्या हाताने घ्यायचा, ही मेहेरबानी. त्याचा जोडीदार फूचांगआन याला शेजारी गुडघ्यांवर बसवून ते बघायला लावलं.

तेराव्या गुन्ह्याचा पुरावा आजही जागेवर आहे. पश्चिमेकडच्या चौकात शिजिनजाय नावाचा दिवाणखाना आहे, आतून सगळा किमती नानमू लाकडाचा, दुमजली कोरीव पडद्यांचा. हे काम सम्राटाच्या निंगशोउ महालाची नक्कल करून केलं, म्हणजे पायरी सोडून वागला, असं कलम आहे. मी दारातून डोकावून पाहिलं. काळपट, अंधारं, पण सुतारकाम असं की डोळे हलत नाहीत. कलम लावणाऱ्याने लाकूड मात्र उतरवलं नाही.

कसं उतरवेल? वाडा भावाला द्यायचा होता. जियाचिंगचा धाकटा भाऊ योंगलिन म्हणे पूर्वीच बोलून गेला होता, की पावसाच्या थेंबांसारख्या गाद्या पडल्या तरी एकही माझ्या डोक्यावर पडायची नाही, मला आपला हशनचा वाडा मिळाला म्हणजे झालं. मिळाला. पण अर्धाच! अर्ध्यात हशनची सून राहत होती, आणि ती तर सम्राटाची सावत्र बहीण. 1820 मध्ये योंगलिन वारेपर्यंत, भिंतीच्या एका बाजूला ज्याचा वाडा गेला त्याची सून आणि दुसऱ्या बाजूला ज्याला तो मिळाला तो तिचाच भाऊ. मालिकावाल्यांना हे सुचलं नाही.

पुढचा धनी इशिन, ज्याच्या पदवीने वाडा आज ओळखला जातो. दाओग्वांग सम्राटाचा सहावा मुलगा, हुशार. गादी मिळाली चौथ्याला, श्येनफंगला. श्येनफंगची आई लवकर गेली म्हणून इशिनच्या आईनेच त्याला वाढवलं होतं. इशिनला त्याने 1851 मध्ये हा वाडा दिला. त्या वेळी आत योंगलिनचा नातू राहत होता, इक्वांग नावाचा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा. कायदा असा की वाडे सम्राटाचे, आणि बहुतेक घराण्यांची पदवी पिढीगणिक एकेक पायरी खाली येते. पोराच्या पदवीला एवढं घर झेपत नव्हतं. त्याला बिऱ्हाड हलवावं लागलं. या पोराला लक्षात ठेवा.

भावांचं बिनसलं ते आईवरून. 1855 मध्ये ती मरणपंथाला लागली, तेव्हा तिला राजमातेची पदवी द्या म्हणून इशिनने हट्ट धरला आणि हुकूम काढवून घेतला. श्येनफंगने पदवी दिली, पण अंत्यविधीत मान कमी केला आणि इशिनला दरबारातून काढलं. सहा वर्षांनी श्येनफंग बेजिंगपासून दूर, रेहोच्या महालात वारला. पाच वर्षांच्या मुलासाठी आठ कारभारी नेमून गेला, त्यांत इशिनचं नाव नाही. इशिन सुतकाला म्हणून रेहोला गेला आणि तिथे दोघी विधवा राण्यांना भेटला. त्यांतली धाकटी, त्सिशी, मुलाची आई. बेत ठरला. मुख्य कारभारी सूशुन शवपेटीबरोबर सावकाश येत होता आणि राण्या मुलाला घेऊन आधी बेजिंगला पोचल्या. सूशुनला वाटेतच पकडून आणलं आणि भर बाजारात त्याचं डोकं उडवलं. दोघांना स्वतःचा जीव घ्यायला लावलं.

इशिन झाला कारभारी-राजपुत्र. त्याच्या सात वर्षांच्या मुलीला त्सिशीने दत्तक घेऊन राजकन्या केलं. याला सन्मान म्हणतात. मला तो ओलीस वाटतो. 1865 मध्ये त्सिशीने स्वतःच्या हाताने हुकूम लिहून त्याला खाली ओढलं. तिचं अक्षरज्ञान बेताचं, हुकुमात चुकाच चुका. आनंदीबाईच्या एका अक्षराची आपण एवढी चर्चा करतो, इथे तर अख्खा कागद. महिन्याभराने, त्याने रडून माफी मागितल्यावर, कामं परत मिळाली पण ती पदवी नाही. 1884 मध्ये तर पूर्णच घरी बसवलं, दहा वर्षं. मागच्या बागेतलं जांभळ्या फुलांच्या वेलींनी रंगवलेलं नाट्यगृह बघताना मनात येत होतं, की घरी बसलेल्या माणसाने इथे किती नाटकं पाहिली असतील.

बागेत वटवाघळंच वटवाघळं आहेत. तळ्याचा आकार वटवाघळाचा, एका दिवाणखान्याचाही तोच. चिनी भाषेत वटवाघूळ आणि भाग्य दोन्ही 'फू', म्हणून. आमच्याकडे वटवाघूळ घरात शिरलं तर आजी मीठ ओवाळायची. कृत्रिम डोंगराच्या पोटात गुहा आहे आणि तिथे कांगशी सम्राटाच्या हस्ताक्षरातला 'फू' दगडावर कोरलाय. तो काचेआड आहे, म्हणून लोक काचेवरच हात घासतात. इशिनच्या नातवाने 1912 मध्ये घरातला ऐवज एका जपानी व्यापाऱ्याला विकला, पुढल्या वर्षी न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला. नंतर वाड्यात कॉलेज झालं आणि चक्क एअर कंडिशनरचा कारखानाही. सगळा वाडा लोकांना खुला झाला तो 2008 मध्ये. मीही काचेवर हात ठेवला. रांग होती, मागून ढकलत होते.

आता तो पोरगा. 1884 मध्ये इशिनला काढलं तेव्हा परराष्ट्र खात्याचा कारभार कुणाकडे गेला? इक्वांगकडे. त्याने काही डाव टाकला असं मी म्हणत नाही, पण योगायोग म्हणून सोडवतही नाही. घर सोडल्यावर त्याला मिळालं होतं अफूच्या युद्धात बडतर्फ झालेल्या चिशान या अधिकाऱ्याचं घर. तेही कुणीतरी गमावलेलंच. ते तिथून काही मिनिटांवर आहे, डिंगफू रस्त्यावर. नवऱ्याचे पाय दुखत होते तरी त्याला ओढत नेलं. आत जाता येत नाही. लांब राखाडी भिंत, वर जुनी कौलं, बंद दार. तिथूनच सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

त्या ऐकत होत्या. सूशुनच्या डोक्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

"त्या पोराला स्वतःच्या दारातून जुन्या घराची कौलं दिसत असतील का गं?"

मी फोन मागे वळवला. मध्ये 1930 साली बांधलेली जुन्या फूरन विद्यापीठाची हिरव्या कौलांची इमारत आहे.

"ही नव्हती ना तेव्हा?" त्या म्हणाल्या.

"नव्हती."