पाण्यातला उपरा

पोहायच्या तलावात बारा फुटांच्या टोकाला एकदा मित्राने रुपया टाकला आणि मी तो काढायला बुडी मारली. अर्ध्या वाटेतच कान असे ठणकले, की रुपयावर पाणी सोडून वर आलो. गॉगलमध्ये पाणी, नाकात क्लोरीन. कठड्याला धरून धापा टाकताना ब्लॅक मँटा आठवला आणि पहिल्यांदाच त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

ब्लॅक मँटा म्हणजे डीसी कॉमिक्समधल्या अ‍ॅक्वामॅनचा हाडवैरी. नायक 1941 पासून पाण्यात. हा आला 1967 मध्ये, बॉब हेनी आणि निक कार्डी यांच्या हातून. अंगभर काळा पोशाख आणि डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट कसलं, उपडं घातलेलं पातेलंच! त्याला बशीएवढे दोन लालभडक डोळे, आणि त्यांतून सुटणारे किरण. नाव मँटा माशाचं. तो बिचारा आपल्या पाकटाच्या भाऊबंदांतला. मोठ्यांतला मोठा पंख पसरून सात मीटर भरतो, पण शेपटीला नांगी नाही, पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. खलनायकाला नाव द्यायला हाच बरा सापडला.

अ‍ॅक्वामॅनला पाण्यात राहायला काही करावंच लागत नाही. श्वास घेता येतो, मासे ऐकतात, वर अटलांटिस या समुद्राखालच्या राज्याची गादी. मँटा मात्र साधा माणूस. दर दहा मीटरला वातावरणाएवढा दाब वाढत जाणार, म्हणजे सूट हवा, पाणबुडी हवी, श्वासापुरती हवासुद्धा वरून न्यायची. भांडायला जायचं तर आधी एवढी तयारी! माझा राग सूटची चेन लावतानाच निवळला असता. शिवाय त्या पातेल्यात नाकाला खाज सुटली तर काय करत असेल, हे मला अजून कुठल्या पानावर सापडलेलं नाही.

या वैराचं कारण लेखकांनी वेळोवेळी बदललं. 2018 च्या चित्रपटात ते चटकन पटतं: पाणी भरत चाललेल्या पाणबुडीत बाप अडकलाय, मुलगा गयावया करतोय आणि अ‍ॅक्वामॅन पाठ फिरवून निघून जातो. तिथे मी सरळ मँटाच्या बाजूचा असतो.

पण 1977 च्या कॉमिकमधली एक गोष्ट आडवी येते. त्याच गोष्टीत मँटा हेल्मेट काढतो आणि दहा वर्षांनी वाचकांना पहिल्यांदा चेहरा दिसतो, एका कृष्णवर्णीय माणसाचा. अ‍ॅक्वामॅनचं तान्हं मूल त्याने पळवून आणलेलं असतं. ते बापासारखंच, पाण्यात श्वास घेणारं. त्याला मारायला मँटा किरण वापरत नाही. पारदर्शक गोळ्यात कोंडतो आणि आत हळूहळू हवा भरू देतो. कठड्याला धरून मी तोंड उघडून अधाशासारखी ओढत होतो ना, तीच.