वाल कधी पेरायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तरच लिहिते. मृगाची पहिली सर आली की मुलुंडमधल्या आमच्या शेजारणी आणि गच्चीवर बाग करणारे ओळखीचे लोक हाच प्रश्न घेऊन येतात: "वाल आता लावू ना?" माझं उत्तर ठरलेलं आहे. थांबा. भेंडी लावा, दोडका, पडवळ, काकडी लावा. वालाला अजून तीन महिने अवकाश आहे.

गावाकडे परड्यातला वाल पावसाच्या तोंडावर टोचतात, हे खरं आहे. तिथे कुंपण असतं, मांडव असतो. वेल चार महिने नुसता पाल्यावर राहिला तरी कुणाचं काही अडत नाही. मुंबईत आपल्या वाट्याला येतो अर्धा ड्रम, नाहीतर खिडकीची ग्रिल. तेवढ्या जागेत जूनमध्ये वाल लावला तर ऑगस्टपर्यंत ग्रिल हिरवीगार होते, घरात अंधार येतो, कोवळ्या शेंड्यांवर काळ्या माव्याची कीड बसते, आणि फूल एक नाही. मग लोक खत बदलत बसतात. खताचा इथे काही संबंध नाही.

वाल फुलतो तो दिवस लहान झाल्यावर. मुंबईत 21 जूनच्या सुमारास दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि 21-22 डिसेंबरला अकरा तासांचा. आपल्याकडच्या जुन्या, वेलाच्या वालाला हा फरक कळतो. दिवस पुरेसा आखडल्याशिवाय तो कळी धरत नाही. म्हणून जूनमध्ये पेरलेला आणि सप्टेंबरमध्ये पेरलेला वाल जवळपास बरोबरच, नोव्हेंबरच्या आगेमागे फुलावर येतो. तीन महिने आधी पेरला म्हणून शेंग तीन महिने आधी मिळत नाही. अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी 1920 साली हीच गोष्ट सोयाबीनवर दाखवून दिली होती. काही दिवसांच्या अंतराने एकामागून एक पेरलेलं सोयाबीन शेवटी जवळपास एकाच वेळी फुललं. वाल त्याच स्वभावाचा. हे एकदा मनात बसलं की जूनची घाई आपोआप गळून पडते, आणि ते तीन महिने तोच ड्रम भेंडीला देता येतो.

आपण दिवस म्हणतो, पण झाड मोजतं ती रात्र. सलग अंधार किती तास मिळाला ते. शहरात ही फार महत्त्वाची बाब आहे. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर चढवलेल्या वालात मी हे दर वर्षी बघते. फाटकाजवळच्या दिव्याखाली येणारा वेल डिसेंबर उजाडला तरी पाल्यावरच असतो, आणि दहा पावलांवर अंधाराकडचा वेल तोवर जांभळ्या तुऱ्यांनी भरून जातो. माती तीच, बी तेच, पाणीही एकाच नळीचं. तेव्हा कुंडीची जागा ठरवायच्या आधी रात्री दहा वाजता गॅलरीत उभं राहून बघा. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत थेट पडत असेल तर ती जागा वालाची नाही. तिथे टोमॅटो लावा.

मग नेमकं कधी? बहुतेकजण सणावरून विचारतात: गणपती गेल्यावर लावू, की घटस्थापनेला? सणावरून ठरवू नका. घटस्थापना 2023 मध्ये 15 ऑक्टोबरला होती, 2024 मध्ये 3 ऑक्टोबरला आणि 2025 मध्ये 22 सप्टेंबरला. तीन वर्षांत तीन आठवड्यांहून जास्त फरक. सण चंद्रावर चालतात आणि वाल सूर्यावर. पावसाची नक्षत्रं मात्र सूर्याची आहेत. उत्तरा नक्षत्र दर वर्षी 13 सप्टेंबरच्या सुमारास लागतं, हस्त 27 सप्टेंबरच्या, चित्रा 10-11 ऑक्टोबरच्या. फरक पडला तर एखाद्या दिवसाचा. जुनी माणसं पेरणीसाठी नक्षत्र का बघायची, ते वालासारखं पीक हाताळलं की पटतं.

मी वेलाचा वाल हस्त लागता लागता टोचते. कारण मला शेंग हवी असते भोगीला. भोगीही सूर्याचीच, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, जानेवारीच्या मध्यावर. हस्ताच्या सुरुवातीपासून तिथवर साडेतीन महिने मिळतात. वेल वाढायला, फुलायला आणि पहिले दोन-तीन तोडे व्हायला ते पुरतात. भोगीच्या भाजीत वांगं, गाजर, ओला हरभरा, तिळाचं कूट सगळं असतं, पण घरच्या वालपापडीचा वास त्यात उतरला की भाजीची चवच वेगळी लागते. शिवाय त्याच आठवड्यात गुजराती शेजाऱ्यांकडे उंधियो असतो आणि बाजारात पापडीचा भाव चढतो.

हस्तात पाऊस असतो हे खरं. हवामान खात्याने 2020 मध्ये नव्या तारखा दिल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली. दुपारी गडगडाट आणि तासभर झोडपून काढणारी सर, असे ते दिवस. म्हणून पहिले दहा-बारा दिवस कुंडी पागोळ्यांपासून आत ठेवायची. जमिनीत लावायचं असेल तर गादीवाफा करा, पाणी साचता कामा नये. माती मुठीत दाबून बघा. बोटांतून पाणी आलं तर थांबा; गोळा झाला आणि टिचकीने फुटला तर वापसा आला, पेरायला हरकत नाही.

बी हातात घेतलं की कडेला पांढरी उठावदार रेघ दिसते, ती वालाची खूण. ती रेघ खाली किंवा आडवी ठेवून बी दोन-अडीच सेंटिमीटर खोल टोचायचं. ओल्या मातीत रात्रभर भिजवलेलं बी घालू नये, कुजतं. पाच-सहा दिवसांत माती किंचित उचलली जाते, मग एक वाकडी मान वर येते आणि बीच्या दोन्ही डाळी ओढून मातीबाहेर काढते. ही मान फार नाजूक असते. टपोऱ्या सरीत ती मोडली तर त्या जागी पुन्हा बी टोचावं लागतं, म्हणून एका ठिकाणी दोन बिया घाला आणि नंतर जोमदार रोप तेवढं ठेवा. चार पानांवर आलं की ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं. तेव्हा बुडाशी सुक्या पानांचा जाड थर द्या आणि पाणी सकाळीच घाला.

उन्हाची दिशाही आत्ताच बघून ठेवा. मुंबईत मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या गॅलरीत ऊन जेमतेम येतं. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दक्षिणेला 47-48 अंशांवर असतो आणि ऊन थेट आत शिरतं. वालाला दक्षिणेची गॅलरी उत्तम. आज सावली दिसते म्हणून ती जागा सोडू नका.

फुलं लागल्यावर ढगाळ हवा आली तर मावा येणारच. मुंगळ्यांची रांग वेलावर चढताना दिसली की समजायचं, वर मावा आहे. मुंगळे त्याच्या गोड पाण्यासाठी येतात आणि त्याला राखतात. बोटाने पुसून काढा, पाण्याचा फवारा मारा, त्यानेही हटला नाही तर निंबोळी अर्क.

हे सगळं वेलाच्या वालाचं झालं. बिरड्याच्या कडव्या वालाचं वेळापत्रक निराळं. माझी काकू पेण तालुक्यातली. तिच्याकडे कुणी तारीख विचारत नाही. भात कापलं, खाचरात ओल आहे, की वाल पेरले. म्हणजे नोव्हेंबर. पुढे पाणी देत नाहीत, जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव यांवर पीक उभं राहतं. जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात, भांबुर्डीचा पाला घातलेल्या मडक्यात पोपटी, म्हणजे शेंगा भाजायला, लागते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सुका वाल हाती येतो. श्रावणातल्या बिरड्यासाठी मोड काढतात ते हेच दाणे. कुंडीतल्या मातीला खाचराची ओल नसते, त्यामुळे आपल्याला पाणी घालावं लागतं, पण बेताने. जास्त झालं की पाला माजतो.

बियाण्याच्या पाकिटावर अर्का जय किंवा अर्का विजय लिहिलेलं असेल तर वरची बरीचशी चिंता सोडून द्या. बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेच्या या बुटक्या जाती दिवसाच्या लांबीवर अवलंबून नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण भूषणही तशीच. लहान गॅलरीला त्या सोयीच्या आहेत आणि भर पाऊस सोडून कधीही लावता येतात. चवीला मात्र मला जुना वेलाचाच वाल आवडतो.

परदेशातले बागकामाचे व्हिडिओ बघून काहीजण ब्रॉड बीन, म्हणजे बाकला, मागवतात आणि तोही कधी पेरू विचारतात. बाकल्याला खरी थंडी लागते. बिहार, उत्तर प्रदेशात तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरतात, इंग्लंडमध्ये नोव्हेंबरात किंवा थंडी सरताना. मुंबईत जानेवारीतही दुपारी पारा तिशीला टेकतो. झाड येतं, फूल येतं आणि गळून जातं. ती जागा वालालाच द्या.

आणि यंदा हस्त हुकला असेल तर वेलाचा वाल ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत लावायला हरकत नाही. वेल कमरेएवढाच होईल, शेंगा कमी आणि भोगीनंतर येतील, पण येतील. नोव्हेंबर लागला की वेलाचं बी पुढच्या वर्षासाठी राखेत घालून ठेवा आणि कडवे वाल पेरा.